गिरणीतला गुरुवार

गावी आलं की प्रत्येक ओट्यावर तोच प्रश्न. "काय पाळकसाहेब, तिकडं चिंचवडला देवाचं काम करता का कंपनीचं?" मी "दोन्ही" म्हणतो. मग समोरचा माणूस असा काही बघतो, की चहाचा दुसरा कप होईस्तोवर सगळं सांगावंच लागतं. या नाताळच्या सुट्टीत सांगून सांगून घसा बसला. पाळकाचा घसा बसला म्हणजे सुताराची करवत मोडली. तेव्हा एकदाच लिहून काढतो. ज्यांनी पुण्याच्या पुढं मुंबई रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नाही त्यांनी हे वाचावं, आणि यापुढं मला चहा पाजताना दुसरं काहीतरी विचारावं.

मी आधी आयटीआयचा टर्नर झालो आणि मग पाळक व्हायला सेमिनरीत गेलो. माझे सासरे याला "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणत. ते स्वतः जुन्या वळणाचे पाळक. आम्ही त्यांना मामा म्हणतो. नगरला त्यांच्या चर्चची घंटा रविवारी वाजायला लागली, की शेजारपाजारची माणसं घड्याळं लावून घेत.

कारखान्यांत नोकरीला लागून चिंचवडला गेलेल्या आपल्या लोकांनी तिथं एक नवी मंडळी सुरू केली होती. मंडळीला पाळक हवा होता, पण पाळक पोसण्याची ऐपत नव्हती. मग त्यांनी डोकं लढवलं आणि पाळकाला नोकरीच बघून ठेवली. लेथ चालवता येणारा पाळक अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच होतो, त्यामुळे निवडणुकीला दुसरा उमेदवार नव्हता. मी हरखून गेलो. मामा हरखले नाहीत.

"जा," ते म्हणाले. "पण सुलू सध्या इथंच राहील. एखाद्या रविवारी मी येईन. उपासनेला बसलेली मंडळी स्वतःच्या डोळ्यांनी बघीन. मग मुलगी पाठवीन."

आमच्या लग्नाला अजून पुरता पावसाळाही लोटला नव्हता. सुलू दारात उभी राहून हसू दाबत म्हणाली, "लवकर भरवा हो तुमचं चर्च. माझी ट्रंक भरलेलीच आहे."

शिवाजीनगरहून पुढे

शिवाजीनगरला एसटीतून उतरलो आणि सिटी बसमध्ये चढलो. वळकटी डोक्यावरच्या फळीवर आणि बाजाची पेटी मांडीवर. कंडक्टरने पेटी बघून विचारलं, "तमाशात का?" मी म्हटलं, "चर्चमध्ये." त्याने थोडा विचार केला आणि पेटीचं तिकीट माफ केलं.

दापोडीचा पूल ओलांडला आणि मी खिडकीला नाक लावलं. आपल्याकडं एक शेत संपलं की दुसरं शेत लागतं. इथं कारखाना संपला की ज्वारी लागते आणि ज्वारी संपली की पुन्हा कारखाना. कारखान्यापुढं गुलाबाची बाग, तारेच्या कुंपणाशी म्हैस, आणि म्हशीच्या पाठीवर बगळा. एका ठिकाणी औषधाचा असा भपकारा आला, की अख्ख्या बसने नाकाला रुमाल लावला. रोजचे प्रवासी मात्र आरामात गप्पा मारत होते. तेवढ्यात कुठलासा भोंगा झाला, आणि फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडला. एवढ्या सायकली एकदम मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली, तेव्हा कळलं की हे रोजचंच आहे.

चिंचवड स्टेशनजवळ शमुवेलभाऊ घ्यायला आले होते. मंडळीचे मुख्य पंच. जालन्याकडचा लांबोडका माणूस, फाउंड्रीत कामाला.

"सलाम, पाळकसाहेब. खोली हौसाबाईंकडं घेतली बगा. उपासना पिठाच्या गिरणीत असती, सकाळच्याला. आता निघतो, मला पाळी गाठायची हाय." एवढं बोलून त्यांनी सायकलवर टांग टाकली. तो दिवस शनिवारचा होता.

हौसाबाई म्हणजे गावातलं जुनं घर. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. त्यांनी खोली उघडून दिली आणि अट सांगितली. "गुरुवारी माझा दत्ताचा उपास असतो. त्या दिशी मटनाचा वास न्हाई आला पायजे. बाकी तुमी अन् तुमचा देव काय ते बघा."

पहिला रविवार

रविवारी सकाळी कोट चढवला, टाय बांधला, बायबल काखेत मारलं आणि गिरणीकडं निघालो. दुरूनच गर्दी दिसली आणि ऊर भरून आला. दारापासून पार रस्त्यापर्यंत बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात डबा, आणि डब्यात ज्वारी, बाजरी, गहू.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडं सुगीच्या सणाला बाया चर्चमध्ये धान्य घेऊन येतात की नाही? मला वाटलं, नवा पाळक आला म्हणून या गरीब मंडळीने पहिल्याच दिवशी सुगीचं दान आणलं. डोळ्यांत पाणी आलं. आत पट्टा फटफटत होता. मी गिरणीवाल्याला हाताने थांबायची खूण केली. त्याने बिचाऱ्याने कोट बघून मुकाट्याने पट्टा उतरवला. मी डब्यांवर दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. दाण्यादाण्यावर आशीर्वाद मागितला. बायकांनी हात जोडले, दोघीतिघींनी पदर डोक्यावर घेतले. मग मी गायन सांगितलं, आणि एकटाच दोन कडवी गायलो.

तिसऱ्या कडव्याला हौसाबाई रांगेतून बोलल्या. "पाव्हणं, तुमचं झालं का? घरी पोरं भाकरीवाचून बसल्यात. अन् तुमचा डबा कुठं हाय?"

गिरणीवाले सदूभाऊ मला बाजूला घेऊन गेले. भुवयांपर्यंत पिठाने माखलेले, अतिशय शांत गृहस्थ. "आवो, तुमची मंडळी गुरुवारी बसती. आज समदी कंपनीत हायेत. विजेचा तुटवडा, म्हणून सरकारनं सुट्टीचे वार वाटून दिल्यात. आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिशी कारखाने बंद, माझी गिरणी बी बंद. म्हणून तर जागा देतो."

"मग रविवारी?"

"रविवारी दळण असतंय की."

मी कोट झटकला. त्यातून पिठाचा ढग उठला. दुपारी शमुवेलभाऊंना गाठलं, तर ते म्हणाले, "असं कामून विचारता, साहेब? मला वाटलं तुमाला ठाऊकच असंल." त्यांच्या लेखी गुरुवारी उपासना ही गोष्ट इतकी उघड होती, की सूर्य पूर्वेला उगवतो हे पाहुण्याला कोण सांगत बसतं.

मी हसलो खरा, पण मग मामांची अट आठवली. मामा रविवारी येणार होते.

कंपनी

सोमवारी लेथवर उभा राहिलो. पहिला जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लावला, टूल टेकवलं, वरून तो गार ठेवायला पांढऱ्या कूलंटची धार सोडली. शेजारच्या मशीनवरचा गडी कमरेवर हात ठेवून बघत होता. "काय फादर, जॉबला पण बाप्तिस्मा देऊनच घेता का?" त्या दिवसापासून खात्यात माझं नाव फादर पडलं. आम्ही फादर नसतो, पाळक असतो, आम्हाला बायको असते, हे मी समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग वहिनी कुठाय?" मी पुढचा जॉब लावला.

कँटीनचं जेवण मात्र बरं. पाव पिंपरीच्या सिंधी बेकरीतला, मऊ लुसलुशीत. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीलाही आम्ही तोच घेतो. गावाकडं एवढा मऊ पाव फक्त आजाऱ्याला मिळतो.

गुरुवार उजाडला आणि मी पुन्हा तोच कोट घालून निघालो. पट्टा खुंटीला टांगलेला. धान्याच्या पोत्यांचे बाक केलेले, आणि वजनकाट्यावर पांढरं कापड घालून त्याचं व्यासपीठ. बघता बघता गिरणी भरली. टर्नर, फिटर, फाउंड्रीवाले, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. रात्रपाळी करून आलेले तांबारलेल्या डोळ्यांनी बसले होते. मी पेटीचा भाता दाबला, तर सुरांआधी पीठच बाहेर पडलं. पहिल्या ओळीतल्या सगळ्यांना शिंका आल्या आणि उपासनेची सुरुवात हसण्याने झाली. मी उपदेश काय केला ते आठवत नाही. एवढं आठवतं, की परत येताना रस्त्याने मी उड्या मारायचाच बाकी होतो.

उपासनेनंतर पंगत बसली. गावाकडं मंडळीचं जेवण म्हणजे मटण, हे काय सांगायला हवं? पण सदूभाऊही दत्ताचे. गुरुवारी गिरणीत मटण शिजणार नाही, या बोलीवर जागा मिळालेली. मग मार्ग काढला हौसाबाईंनी. त्यांचं माहेर चाकणचं. त्यांनी आपल्या बायकांना मासवडी शिकवली. बेसनाच्या पापुद्र्यात तीळ, खोबरं, लसूण भरायचा, वडी माशासारखी कापायची आणि झणझणीत रश्शाबरोबर खायची. नाव माशाचं आणि माशाचा काटाही नाही. हौसाबाई स्वतः उपाशी राहून वाढायला येत.

आणखी एक भानगड झाली. त्या पहिल्या रविवारच्या पिठाच्या भाकरी म्हणे टम्म फुगल्या. हौसाबाईंनी ही बातमी गावभर केली. त्यानंतर मी रविवारी गिरणीवरून जायला लागलो, की बायका डबे पुढं करत. "पाळकबाबा, वाईच हात ठिवा." नाही कसं म्हणणार? मी हात ठेवी.

चाकण

चाकणला मंडळीतलं एक कुटुंब होतं, तिथं एका गुरुवारी दुपारी मी आणि शमुवेलभाऊ सायकलने गेलो. भोसरी मागं पडली की कारखाने संपतात. मोशीला इंद्रायणीचा पूल, पुढं नुसती शेतं आणि वारा तोंडावर. हा वारा मला अगदी आपल्या नेवाशाचा वाटला, फक्त त्याला कांद्याचा वास होता. चाकणच्या बाजारात कांद्याचे डोंगरच्या डोंगर. प्रार्थना केली, गूळ-शेंगदाणे खाल्ले, निघालो, आणि वेशीतच माझी सायकल पंक्चर झाली. शेवटी कांद्याच्या ट्रकवाल्याने दोघांना सायकलींसकट पोत्यांवर चढवलं. चिंचवडपर्यंत आम्ही वर बसून तारस्वरात गायनं म्हणत आलो. रस्त्यातली माणसं हात हलवत होती. मला वाटलं, सुलू आत्ता इथं पाहिजे होती. फार फार वाटलं.

खोलीवर आलो तर नगरहून आलेल्या माणसाने निरोप ठेवला होता. मामा येत्या शनिवारी येत आहेत, रविवारची उपासना बघून सोमवारी परतणार.

मामा

शमुवेलभाऊंनी युक्ती काढली. दुपारी पहिली पाळी सुटते आणि दुसरी लागते, त्या मधल्या फटीत उपासना उरकायची. सुटलेले येतील, जाणारे जाता जाता बसतील. सदूभाऊंनी तेवढा वेळ पट्टा उतरवायचं कबूल केलं. दळणाच्या दिवशी गिरणी थांबवणं म्हणजे केवढं मोठं मन, पण ते सहज "बरं" म्हणाले.

मामा शनिवारी आले. गुरुवारची गोष्ट मी त्यांना सरळ सांगून टाकली. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे प्रभूचा दिवस कोणता, हे वीज ठरवणार?" मी म्हटलं, "उद्या बघालच."

रविवारी दुपारी मामा काळ्या कोटात पोत्यावर ताठ बसले. सदूभाऊंनी पट्टा उतरवला. भोंगा झाला. आम्ही दाराकडं बघत राहिलो. शमुवेलभाऊंची बायको आली, दोन म्हाताऱ्या आल्या. बाकी कोणी नाही. मग एकजण सायकलवरून धापा टाकत आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "अर्जंट ऑर्डर हाय, पहिल्या पाळीला ओव्हरटाइमला थांबवलंय. दुसऱ्या पाळीला लवकर आत घेतलं. मलाबी जायला पायजे." आणि गेलाच.

दळणाला खोळंबलेल्या रांगेतल्या एका बाईने डबा पुढं केला. "पाळकबाबा, हात ठिवता नव्हं?" तिच्यामागून दुसरीने केला. मामा माझ्याकडं बघत होते. मी काय करणार? ठेवला हात.

सदूभाऊ हळूच म्हणाले, "पट्टा चढवू का?"

मामाच म्हणाले, "चढवा."

खोलीवर आल्यावर मामा म्हणाले, "प्रभाकर, मी मंडळी बघायला आलो होतो. डबे बघून चाललो." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सुलूची भरलेली ट्रंक डोळ्यांसमोरून हलेना.

पण मामांचा एक नियम होता, आणि तो अख्ख्या नगर जिल्ह्याला ठाऊक होता. मंडळीतल्या माणसाने जेवायला बोलावलं तर पाळकाने नाही म्हणायचं नाही. गरिबाच्या घरचं तर मुळीच नाही. संध्याकाळी ओव्हरटाइम सुटला आणि एकेक जण हाताला काळं तेल तसंच घेऊन माफी मागायला दारात आला. प्रत्येकजण जाताना म्हणे, "मामा, आमच्याकडं भाकरी खायची." कोणी सोमवार सकाळ धरली, कोणी संध्याकाळ, कोणी मंगळवार. बुधवारचं रात्रीचं जेवण शमुवेलभाऊंनी स्वतःकडं घेतलं, आणि घेताना माझ्याकडं न बघता मिशीत हसले. मामा जाळ्यात सापडले होते, आणि जाळं त्यांनीच विणलेलं होतं.

तीन दिवस मामा घरोघर जेवले. कुठं मटण, कुठं सुकट, कुठं नुसतं पिठलं. परत आल्यावर मी विचारायचो, "काय काय बोलणं झालं?" ते म्हणायचे, "जेवण झालं."

गुरुवारी ते माझ्याआधी तयार झाले. "नुसता बसतो," म्हणाले. गिरणीत सगळ्यात मागच्या पोत्यावर बसले. माणसं येत गेली. आता ती त्यांच्या ओळखीची होती. प्रत्येकजण आधी मागं जाऊन "सलाम, मामा" म्हणायचा आणि मग पुढं बसायचा. रात्रपाळीवाला एकजण बसल्या बसल्या पेंगायला लागला, तेव्हा मामांनी त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पेटीने पीठ उडवलं, पहिली ओळ शिंकली. गायन असं उठलं, की वरचे पत्रे थरथरले.

शेवटी मी आशीर्वादासाठी मामांना पुढं बोलावलं. ते वजनकाट्यासमोर उभे राहिले. काळा कोट पाठीमागून पांढराधोप झाला होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हात वर केले, तोंड उघडलं, आणि त्यांना लागोपाठ शिंका आल्या. पोरं खिदळली. मामांनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्यांनी आशीर्वाद दिला. छोटाच दिला.

पंगतीत हौसाबाईंनी त्यांच्या ताटात मासवडी वाढली. मामांनी दबकत विचारलं, "आज तुमचा उपास ना? आणि मासे?"

"बेसन हाय त्ये. खावा बिनघोर."

त्यांनी तीनदा मागून घेतली.

शुक्रवारी एसटीत बसवायला गेलो. गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मुलीचं नाव नाही, रविवारचं नाव नाही. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "बघतो." पाळकाचं "बघतो" म्हणजे काय, हे मी स्वतः पाळक असल्याने जाणतो. त्यात काहीच नसतं.

पुढचे दिवस लेथवर कसे काढले ते माझं मला माहीत. फादरचे जॉब बिघडायला लागले म्हणून सुपरवायझर येऊन उभा राहू लागला.

बुधवारी पहिली पाळी सुटली आणि फाटकाबाहेर आलो, तर शमुवेलभाऊ सायकल धरून उभे. सायकलच्या मागं ट्रंक बांधलेली. हिरवी, पितळी कडीची. ती ट्रंक मी ओळखली. ट्रंकेच्या पलीकडं सुलू उभी होती, हातात पिशवी, आणि चारही बाजूंनी सुटलेल्या सायकलींकडं तोंड उघडं टाकून बघत होती.

मी तेलकट हात पुसायलाही विसरलो. "अगं, कळवलं नाहीस. आणि मामांनी सोडलं?"

"त्यांनीच एसटीत बसवलं," ती म्हणाली. "म्हणाले, आजच नीघ, आजच्या आज पोहोच. आणि तुम्हाला निरोप दिलाय."

"काय निरोप?"

सुलूने पदर सारखा केला, मामांसारखी मान ताठ केली, आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "प्रभाकरला सांग, उद्या रविवार आहे. उशीर करू नका."